स्मार्ट टूथब्रश घेताय? सेन्सर नक्की काय मोजतो आणि दात खरंच साफ झाले का, हे घरच्या घरी कसं तपासायचं

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर हातात व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज आणि डोक्यात एकच किडा की गेज दाखवतंय ते खरं कशावरून. तर गेल्या दिवाळीत बोनस झाल्यावर मी ब्लूटूथवाला टूथब्रश घेतला, पहिल्याच आठवड्यात ॲपवर ९४ स्कोअर आला, घरात सगळ्यांना दाखवून झाला, आणि पुढच्याच महिन्यात कॉलेज रोडच्या आमच्या डेंटिस्ट मॅडमनी खुर्चीत बसवून माझ्या दातांना एक रंग लावला आणि आरसा हातात दिला. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू अख्खी जांभळी! मॅडम म्हणाल्या, "इथे तुमचा ब्रश पोचतच नाहीये." मी त्यांना मोबाईल काढून स्कोअर दाखवला तर त्या नुसत्या हसल्या.

तिथून पुढे चार-पाच महिने मी या ब्रशच्या मागे लागलो, वजनकाट्यावर दाबून बघितला, रंग आणून दात मोजले, सेटिंगा बदलल्या, आणि आता सगळं ठीक चाललंय. पण हे सगळं मला आधी कोणी सांगितलं असतं तर डोकं आणि पैसे दोन्ही वाचले असते, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

काय काय लागेल

- प्रेशर सेन्सर असलेला ब्रश आणि एक जादा हेड, म्हणजे केसांचं बदलता येणारं टोक
- ब्लूटूथ चालणारा मोबाईल
- किचनमधला डिजिटल वजनकाटा, केकवाला, एक-एक ग्रॅम दाखवणारा
- डिस्क्लोझिंग सोल्युशन किंवा त्याच्या गोळ्या, म्हणजे प्लाकवर, दातांवरच्या चिकट थरावर, चढणारा रंग
- छोटा डेंटल आरसा, व्हॅसलिन, जुना टॉवेल
- फ्लोराइडवाली साधी पेस्ट, फ्लॉस किंवा दातांच्या फटीतला छोटा ब्रश
- ब्रशचं बिल, बॉक्स आणि सिरियल नंबरचा फोटो

१. आधी हे डोक्यात पक्कं करा: ब्रशला प्लाक दिसत नाही

हा मुद्दा मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण सगळा घोळ इथेच आहे.

दुकानात मिळणाऱ्या बहुतेक स्मार्ट ब्रशमध्ये तीन गोष्टी असतात. एक टायमर, एक दाब ओळखणारा सेन्सर आणि एक हालचाल ओळखणारी चिप, म्हणजे ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप. मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ना, तीच जात. ही चिप काय सांगते, तर ब्रश कुठल्या कोनात धरलाय, कुठे वळतोय आणि किती हलतोय. त्यावरून ॲप अंदाज बांधतं की आत्ता हा माणूस वरच्या डाव्या दाढा घासतोय. दात साफ झाले की नाही याबद्दल त्या चिपला काडीची माहिती नसते. तुम्ही दाताला नुसता टेकवून ब्रश फिरवला, पेस्ट लावलीच नाही, तरी स्कोअर येतो. मी करून बघितलंय, ८८ आला.

त्यातही एक गंमत आहे. डाव्या दाढांची गालाकडची बाजू घासताना ब्रशचे केस कुठे तोंड करून असतात? उजवीकडे. आणि उजव्या दाढांची जिभेकडची बाजू घासताना? तेव्हाही उजवीकडेच. हातात ब्रश घेऊन आरशासमोर आत्ता करून बघा. म्हणजे चिपला या दोन जागा जवळजवळ सारख्याच वाटतात, मग हँडलचा बारीकसा कोन आणि आधी तुम्ही कुठे होतात यावरून ॲपला ठरवावं लागतं. म्हणूनच काही ॲप एका ठराविक कोपऱ्यापासून सुरुवात करायला लावतात, आणि आपण मधेच उडी मारली की त्यांचा गोंधळ उडतो.

दुसरी भानगड, चिप कोन मोजते तो जमिनीच्या हिशोबाने, तुमच्या तोंडाच्या हिशोबाने नाही. आपल्याकडे बेसिनवर ओणवं होऊन दात घासायची सवय, फेस शर्टावर सांडू नये म्हणून. तुम्ही मान खाली घातलीत की ब्रशचा कोन बदलला आणि ॲपला वाटलं तुम्ही वरचे दात सोडून खालच्यांवर आलात. ॲपच्या चित्रात माझे वरचे दात पंधरा दिवस लाल, म्हणजे न घासलेले, दिसत होते ते यामुळेच!

मग प्लाक बघणारा ब्रश नसतोच का? कल्पना आहे आणि त्यामागचं शास्त्रही पक्कं आहे. प्लाक म्हणजे जंतूंचा चिकट थर, तो जुना झाला की त्यातले काही जंतू पॉर्फिरिन नावाचं द्रव्य तयार करतात, आणि त्यावर ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश टाकला की ते लालसर चमकतं. डेंटिस्टकडचे काही कॅमेरे याच तत्त्वावर चालतात. कोलगेटने २०२० च्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात प्लाकलेस प्रो नावाचा असा ऑप्टिकल सेन्सरवाला ब्रश दाखवलाही होता. पण चमकतो तो जुना, मुरलेला थर. सकाळपासून जमलेला ताजा थर त्या प्रकाशात नीट कळत नाही.

हालचालवाले ब्रश त्याच्या आधीपासूनचे आहेत. कोलिब्री नावाच्या कंपनीने २०१४ च्या सीईएसमध्ये मोबाईलला जोडलेला ब्रश दाखवला होता, मग २०१६ मध्ये ओरल-बीने जीनियस आणला, त्यात मोबाईलचा पुढचा कॅमेरा तुमच्या तोंडाकडे बघून जागा ओळखायचा. आताच्या ब्रशांत ते काम बहुतेक हँडलमधली चिपच करते. तेव्हा खोक्यावर मोठ्या अक्षरात "प्लाक" लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, तो थर "निघतो" असं लिहिलंय की तो "ओळखतो" असं लिहिलंय ते नीट वाचा.

२. दुकानात जायच्या आधी दाताच्या डॉक्टरकडे जा

उलटं करू नका, मी उलटंच केलं होतं. प्लाक वेळेवर निघाला नाही की लाळेतल्या क्षारांमुळे त्याचं कीटण होतं, आणि हे काम दोन-तीन दिवसांतच सुरू होऊ शकतं. एकदा कीटण झालं की कुठलाही ब्रश, कितीही हजारांचा असो, ते काढू शकत नाही, त्याला स्केलिंगच, म्हणजे डॉक्टरांकडून खरवडून काढणंच, लागतं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ते जास्त बसतं कारण तिथेच जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं उघडतात. कीटणावर परत प्लाक बसतो, म्हणजे खडबडीत फरशी पुसल्यासारखं, पुसाल तेवढी कमीच.

म्हणून आधी क्लीनिंग, मग ब्रश. तसं केलंत तर पहिला दिवस कोरी पाटी मिळते आणि पुढचं मोजणं खरं होतं. खर्चाची काळजी असेल तर आपल्या पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, तिथली ओपीडी खासगी क्लिनिकपेक्षा स्वस्त पडते, फक्त सकाळी लवकर जा आणि वेळ हाताशी ठेवा.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचाराच: हिरड्या मागे सरकल्यात का, माझी ब्रश न पोचणारी जागा कुठली, आणि मला पॉवर ब्रश, म्हणजे बॅटरीवर चालणारा, चालेल का. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या, कारण या ब्रशांचे स्टँड बहुतेक बिनतारी चार्ज करणारे असतात. नुकतीच दाढ काढलेली असेल किंवा तोंडाचं ऑपरेशन झालेलं असेल तर थांबा.

आणि घरात कोणी मशेरी लावत असेल, माझी आई लावायची, तर तिच्यासाठी ब्रश आणून काही होत नाही, तो तंबाखूच आहे, आधी तो सोडवायचा. आमच्याकडे त्याला दोन वर्षं लागली.

३. ब्रश निवडताना काय बघायचं आणि कशाला भुलायचं नाही

माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा ॲप सोडा, प्रेशर सेन्सर आणि टायमर सोडू नका. जोरात घासून हिरड्या मागे गेलेल्या आणि दात झिजवून बसलेल्या लोकांची आपल्याकडे काही कमी नाही. माझे वडीलच म्हणायचे, दात घासतोयस का पातेलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

साधा ब्रश वाईट असतो असंही नाही हां. वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर पॉवर ब्रशवाल्यांच्या दातांवर हाताच्या ब्रशपेक्षा प्लाक २१ टक्के कमी निघाला आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी. फायदा आहे, पण कीर्तन करण्याएवढा नाही. तोही पॉवर ब्रशचा आहे, ॲपचा नाही.

बघायच्या गोष्टी:

- दाब वाढला की दिवा लागतो का, आणि तो दिवा घासताना आरशात दिसेल अशा जागी आहे का. काहींचा दिवा हँडलच्या मागच्या बाजूला असतो, तो बघायचा कोणी?
- दर ३० सेकंदांनी थरथर होऊन "पुढच्या भागाकडे चला" असं कळतं का.
- हेड नाशकात सहज मिळतं का. हा सगळ्यात मोठा सापळा आहे. हेड दर तीन महिन्यांनी बदलायचं असतं, म्हणजे वर्षाला चार. ब्रश सेलमध्ये स्वस्तात मिळतो आणि हेड मिळेनासं होतं, मग हँडल शोपीस. आधी हेडचा भाव बघा, चारने गुणा, मग ब्रशचा भाव बघा.
- मोबाईल बाथरूममध्ये न नेता ब्रश स्वतः सेशन साठवून ठेवतो का.
- केस मऊ हवेत. आमच्या मेडिकलवाल्याने "हार्ड घ्या, चांगले घासले जातात" म्हणून गळ्यात मारले होते, ते फरशीच्या फटी घासायला गेले.

सोनिक, म्हणजे वेगाने थरथरणारा, घ्यायचा की गोल फिरणारा, यावर लोक तासन्‌तास भांडतात. तुम्हाला जो तोंडात धरवेल तो घ्या.

४. खरेदी करताना

अमेरिकेतला भाचा येणार असेल आणि तिकडून ब्रश आणतो म्हणाला तर त्याला आधी चार्जरच्या खालचे आकडे वाचायला सांगा. तिकडचे काही चार्जर फक्त ११०-१३० व्होल्टवर चालणारे असतात, आपल्याकडे २३० आहे, लावला की धूर. १००-२४० लिहिलेलं असेल तर हरकत नाही. यूएसबी चार्जिंगवाला असेल तर ही कटकटच नाही.

आणखी एक, आपल्या फ्लॅटमधल्या बाथरूमात बऱ्याचदा एकच मोठा गिझरचा पॉइंट असतो आणि या ब्रशांची पिन बारीक दोन टोकांची. त्या पॉइंटला स्वस्तातलं अडॅप्टर लटकवून ओल्या जागेत चार्ज करत बसू नका. मी हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी चार्ज करतो, बायको म्हणते पाहुण्यांना काय दिसतं, पण पंधरा दिवसांतून एकदाच करायचंय ते.

बिल पक्कं घ्या, तारीख आणि सिरियल नंबरसकट. माझ्या पहिल्या ब्रशच्या वेळी दुकानदाराने साध्या कागदावर लिहून दिलं होतं, चार महिन्यांत हँडलच्या तळातून पाणी आत गेलं आणि सर्व्हिसवाल्यांनी बिलाशिवाय हात लावायला नकार दिला. त्यात चूक माझीच.

५. ॲप जोडताना

इथे जास्त वेळ घालवू नका, पण चार गोष्टी सांगतो.

ब्रश सापडत नसेल तर तो मोबाईलच्या ब्लूटूथ यादीत जाऊन जोडू नका, ॲपमधूनच जोडा. जुन्या अँड्रॉइडवर ॲप लोकेशन मागतं, घाबरू नका, अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ उपकरण शोधायला ती परवानगी लागायचीच. अँड्रॉइड १२ पासून "जवळची उपकरणं" अशी वेगळी परवानगी आली. नवा मोबाईल असून ॲप लोकेशन, कॉन्टॅक्ट असं सगळंच मागत असेल तर नाही म्हणा आणि चालतंय का बघा, बहुतेक वेळा चालतं.

डावखुरे असाल तर सेटिंगमध्ये तसं सांगायचा पर्याय आहे का ते शोधा, असेल तर पहिल्याच दिवशी बदला.

नवरा-बायको एकच हँडल आणि दोन हेड असं वापरणार असाल तर स्कोअर विसरा, दोघांचं घासणं एकाच खात्यात जमा होतं. आमच्याकडे एक आठवडा मी दिवसातून चार वेळा दात घासत होतो असं दिसत होतं.

आणि पहिले दोन आठवडे ॲपच्या सूचना बंद ठेवा, नाहीतर रात्री साडेदहाला मोबाईल "तुमची साखळी तुटेल" म्हणून धमकावत बसतो आणि माणूस दात घासायच्या ऐवजी ॲपच उडवतो.

६. प्रेशर सेन्सर वजनकाट्यावर तपासा

हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही, माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातून आलंय, पण मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

डॉक्टर मंडळी घासण्याचा दाब साधारण १५० ते २०० ग्रॅम सांगतात. म्हणजे किती? एका मध्यम संत्र्याचं वजन. पण हाताला ते कळत नाही. म्हणून किचनमधला वजनकाटा घ्या, त्यावर पातळ प्लास्टिक टाका, शून्य करा. हेड नुसतं ओलं करा, पेस्ट नको. ब्रश रोज धरता तसाच धरा, चालू करा आणि केस काट्यावर हळूहळू दाबत जा. थरथरीमुळे आकडे नाचतील, मधला पकडायचा. दिवा लाल कधी होतो तो आकडा लिहून ठेवा, पाच वेळा करा आणि सरासरी काढा.

माझा दिवा २४० च्या आसपास लाल व्हायचा. मग मी डोळे मिटले आणि रोजच्यासारखं घासतोय असं समजून दाबलं, बायकोला आकडा वाचायला सांगितला. "चारशे वीस." मी म्हटलं काटा बिघडलाय. तिने शेजारी ठेवलेला अर्धा किलोचा साखरेचा पुडा ठेवला, काट्याने बरोबर ५०० दाखवले. काटा बरोबर, माझा हात बिघडलेला, आणि मी इतकी वर्षं असा घासत होतो.

मग रोज संध्याकाळी दहा-दहा वेळा, डोळे मिटून १५० वर आणायची प्रॅक्टिस. आठवड्यात हात बसला. ब्रश मुठीत धरण्याऐवजी पेनसारखा तीन बोटांत धरलात तर दाब आपोआप कमी होतो.

एक सापळा: माझ्या ब्रशचा सेन्सर केसांच्या दिशेने दाबलं तरच जागा होतो, हेड आडवं घुसवलं, म्हणजे सगळ्यात शेवटच्या दाढेच्या मागे, तर तो गप्पच बसतो. तुमचाही आडवा दाबून बघा. आणि कुठल्याही कंपनीचं न जुळणारं हेड लावलंत तर हा आकडा बदलू शकतो, तेव्हा हेडचा ब्रँड बदलला की परत काट्यावर या.

७. रंगाची टेस्ट, म्हणजे खरी परीक्षा

मॅडमनी जो रंग लावला होता तो डेंटल मटेरियलच्या दुकानात मिळतो, ऑनलाइनही, किंवा आपल्या डॉक्टरांकडे मागा. दोन रंगांचा घ्या: ताजा प्लाक गुलाबी दिसतो आणि जुना, मुरलेला निळा-जांभळा. लाल रंगात बऱ्याचदा एरिथ्रोसिन असतं, त्यात आयोडिन असतं, त्यामुळे आयोडिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी लेबल वाचा.

कसं करायचं:

रविवारी रात्री करा, सोमवारी ऑफिस आहे म्हणून घाई नको, आणि लग्नाला जायच्या दिवशी तर अजिबात नको. बेसिनमध्ये पाणी सोडून ठेवा, पांढऱ्या बेसिनवर हा रंग बसला तर लवकर निघत नाही, आमच्या बेसिनच्या जाळीपाशी अजून एक गुलाबी अर्धवर्तुळ आहे आणि दर पाहुण्यापुढे त्याचा विषय निघतो. ओठांना व्हॅसलिन लावा. जुना टॉवेल गळ्यात.

आधी नेहमीसारखं ब्रश करा, ॲप चालू ठेवून. स्कोअर लिहून ठेवा. मग रंग लावा, अर्धा मिनिट जिभेने सगळीकडे फिरवा, एकदाच हलकी चूळ भरा आणि मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. आतली बाजू बघायला आरसा लागतोच, त्याच्याशिवाय आपण फक्त हसतानाचे दात बघतो, आणि ते कोणाचेही स्वच्छच असतात.

आता मोजायचं. ही पद्धत १९७२ पासून दाताचे डॉक्टर वापरतात, ओ'लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. प्रत्येक दाताचे चार भाग धरायचे: गालाकडचा, जिभेकडचा आणि दोन्ही शेजारच्या दातांकडचे. हिरडीच्या कडेला त्या भागात रंग असला की एक खूण. अक्कलदाढा सोडून २८ दात असतील तर एकूण ११२ भाग. रंगलेले भाग भागिले ११२ गुणिले शंभर. कागदावर दातांच्या दोन रांगा काढून लाल पेनने खुणा करा, सोपं पडतं.

माझ्या पहिल्या रविवारी ४७ भाग रंगलेले, म्हणजे ४२ टक्के, आणि ॲपचा स्कोअर त्याच रात्रीचा ९४. हाच तो क्षण जेव्हा मी त्या ९४ कडे बघणं सोडलं. ओ'लिअरींचं लक्ष्य १० टक्क्यांच्या आसपासचं आहे, ते घरी गाठणं अवघड आहे, विशाच्या आत आलात तरी डॉक्टर खूश होतात.

कुठे रंग राहिलाय ते महत्त्वाचं. माझ्याकडे तीन जागा: खालचे पुढचे सहा दात जिभेकडून, उजव्या खालच्या दाढा जिभेकडून, मी उजव्या हाताने घासतो म्हणून तिथे मनगट वळतच नाही, आणि दातांच्या फटी. फटींमधला रंग कुठल्याच टूथब्रशने नीट निघत नाही, तिथे फ्लॉस किंवा बारीक ब्रशच लागतो. स्मार्ट ब्रशवाले हे खोक्यावर ठळक कुठे लिहीत नाहीत.

८. आता घासायचं कसं

सरळ उभं राहा. आरशात बघा, बेसिनमध्ये नाही. फेस आला तर थुंका आणि परत सरळ.

ब्रश तोंडात घातल्यावरच चालू करा, नाहीतर आरसा, शर्ट आणि शेजारी उभा असलेला पोरगा तिघांनाही पेस्टचा अभिषेक.

केस हिरडीच्या कडेला ४५ अंशात, अर्धे दातावर अर्धे हिरडीवर. मागेपुढे रगडायचं नाही, ब्रश स्वतः हलतोय, तुम्ही फक्त एका दातावरून दुसऱ्यावर न्यायचा. हिशोब करा: १२० सेकंद, २८ दात, म्हणजे एका दाताला चार सेकंदांपेक्षा थोडं जास्त, त्यात बाहेर-आत-वर सगळं आलं. म्हणून घाई झाली की काहीतरी सुटतंच. मी माझ्या तीन जागांपासूनच सुरू करतो, ॲपने कितीही ओरडू दे, आणि दोनऐवजी अडीच मिनिटं घेतो.

पुढच्या दातांच्या मागे ब्रश उभा धरायचा, हेडचं टोक लावून.

रक्त आलं तर थांबायचं नाही. आपल्याकडे रक्त दिसलं की तिथे ब्रश लावणंच बंद करतात आणि मग आणखी सुजतं. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आरहूसला लोए नावाच्या संशोधकाने धडधाकट हिरड्या असलेल्या लोकांचं दात घासणं बंद करायला लावलं, तर दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत घासायला लागल्यावर त्या ठीक झाल्या. तेव्हा हलक्या हाताने तिथेच घासा. दोन आठवड्यांनीही रक्त थांबलं नाही तर हिरड्यांच्या डॉक्टरकडे जा.

द्राक्षं, मिसळीवर पिळलेलं लिंबू, कोल्ड्रिंक, असं आंबट काही खाल्लं असेल तर अर्धा तास थांबून घासा. सीझनमध्ये आपण रोज पाव किलो द्राक्षं खातो, लगेच घासलं तर नरम पडलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, झिजतं.

घासून झाल्यावर थुंका, पण खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड वाहून जातं. हे जमायला मला सगळ्यात जड गेलं, लहानपणापासून पाच-पाच चुळा भरायची सवय.

९. स्कोअर कसा वाचायचा

रोज बघू नका. आठवड्यातून एकदा बघा आणि तेही फक्त तीन गोष्टी: सरासरी वेळ, दाब किती सेकंद जास्त होता, आणि रात्रीचं घासणं किती वेळा चुकलं. हे तीन आकडे ब्रश खरंच मोजतो त्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. दातांचं रंगीत चित्र म्हणजे अंदाज, तो अंदाज म्हणूनच घ्या.

मी महिन्यातून एका रविवारी रंग लावतो आणि कागदावर लिहितो. पहिल्यांदा ४७ भाग, महिन्याभराने २१, तिसऱ्या महिन्याला १३, म्हणजे १२ टक्क्यांच्या आत. त्यात ॲपचा स्कोअर ९४ वरून ८६ वर आला, कारण मी त्याच्या क्रमाने घासत नाही!

नोंदी ॲपमध्ये जातात तेव्हा खातं उघडताना जन्मतारीख, फोटो वगैरे जेवढं लागत नाही तेवढं देऊ नका, आणि ब्रश विकताना किंवा कोणाला देताना आधी खातं पुसा.

१०. देखभाल

रोज हेड काढून दांडा पुसा. हेड आणि हँडलच्या मधे पेस्ट आणि पाणी साचून काळपट चिकट होतं, एकदा काढून वास घ्या म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. बोअरचं पाणी असेल तर तिथे पांढरा थरही धरतो, तो ओल्या फडक्याने निघतो, चाकूने खरवडू नका, रबराचं सील फाटलं की पाणी आत. हेडला प्लास्टिकची टोपी घालून ओलं ठेवू नका, उघडं वाळू द्या.

केस बाहेर फाकले तर तीन महिने व्हायची वाट बघू नका, बदला. महिन्याभरातच फाकत असतील तर परत सहाव्या पायरीवर जा, वजनकाटा काढा.

ब्रश बंद पडला तर घंटागाडीत ओल्या-सुक्यात टाकू नका, आत बॅटरी आहे, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. तळातून पाणी गेलेला माझा पहिला ब्रश मी उघडून वाळवला तर तो परत चालू झाला. तोंडात घालायची हिंमत नाही, पण रविवारी त्याला जुनं हेड लावून बाईकची चेन साफ करतो, चांगली निघते.